राष्ट्रगीताच्या जन्माचा वाद

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या बाजूस असलेली पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच डोकावतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्याबरोबर आम्हीही राहिलो. पुढे २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सीमा अशा बदलत गेल्या, तरी येथल्या पुष्कळ घरांतील बोली मराठीच राहिली. आणि प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीतातील ‘मराठा’ हा शब्द आला की मुलांचा स्वर किंचित चढतो, हे आम्ही शिक्षक मंडळी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत.

याच मुलांपैकी कोणीतरी पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी जवळ आली म्हणजे एक प्रश्न विचारतो. हे गीत इंग्रज बादशहा पंचम जॉर्ज याच्या स्वागतासाठी लिहिले गेले, हे खरे काय? पूर्वी हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून शाळेत येई. आता तो भ्रमणध्वनीवरील संदेशांतून येतो, आणि येताना आपला निकालही सोबत घेऊन येतो. अशा वेळी शिक्षकापुढे तीन मार्ग असतात. विद्यार्थ्याला गप्प बसवावे, ‘असेल किंवा नसेलही’ असे म्हणून वेळ मारून न्यावी, किंवा कागदपत्रे पुढे ठेवून प्रश्नाचा उलगडा करावा. पहिला मार्ग सर्वांत सुरक्षित समजला जातो. आमच्या मते तोच सर्वांत घातक आहे. असे आम्हांस का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

उगमाच्या वादांशी आमच्या भागाचा परिचय जुना आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांची माणसे परस्परांवर दगड फेकतात. ती गोटमार सर्वत्र प्रसिद्ध आहे. ही चाल कशी पडली याविषयी कोणी एका प्रेमी युगुलाची कथा सांगतो, तर कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची. या कथा तोंडोतोंडी चालत आल्या आहेत आणि त्यांतली कोणती मानावी हे ज्याच्या त्याच्या आवडीवर राहिले आहे. राष्ट्रगीताची गोष्ट तशी नाही. त्याच्या जन्मसमयीची वर्तमानपत्रे आहेत, ज्या सभेत ते प्रथम गायिले गेले तिचा अहवाल आहे, ज्या मासिकात ते प्रथम छापले गेले तो अंक आहे आणि स्वतः कवीची पत्रे आहेत. इतका पुरावा असताना येथेही कथाच चालू राहावी, हे अभ्यासकांस शोभणारे नाही.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने दोन घोषणा केल्या. बंगालची फाळणी रद्द झाली आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचे ठरले. त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्यास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित बिशन नारायण दर हे होते. सुरतेच्या फुटीनंतर राष्ट्रसभा नेमस्तांच्या हाती होती, लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि फाळणी रद्द झाल्याबद्दल बादशहाचे आभार मानण्याचा ठराव अधिवेशनापुढे येणार होता. ३० डिसेंबरास बादशहा स्वतः कलकत्त्यास पोहोचणार होते. अशा दिवसांत, अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे २७ डिसेंबर १९११ रोजी, कामकाजाच्या आरंभी रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘जनगणमन’ गायिले गेले. दिल्ली दरबारात ते गायिले गेले असे जे सांगण्यात येते, ते निखालस चुकीचे आहे.

त्या दिवशी मंडपात गाणी दोन झाली. सर्व घोटाळ्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. आरंभी रवींद्रनाथांचे बंगाली गीत झाले. नंतर हितचिंतकांचे संदेश वाचले गेले आणि बादशहांच्या स्वागताचा ठराव झाला. त्यानंतर रामभुज चौधरी यांनी या प्रसंगासाठी रचलेले, बादशहाचे गुणगान करणारे हिंदी गीत मुलामुलींनी गायिले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांत ‘बेंगाली’ आणि ‘अमृत बझार पत्रिका’ या देशी पत्रांनी ही दोन गीते वेगवेगळी नोंदविली. पहिले देशभक्तिपर वा मंगलाचरणाचे, दुसरे बादशहाच्या सन्मानाचे. ‘इंग्लिशमन’ व ‘स्टेट्समन’ या इंग्रजांच्या पत्रांनी मात्र दोहोंचा काला केला आणि बादशहाच्या स्वागतासाठी रवींद्रनाथांनी खास रचलेले गीत गायिले गेले, असे छापले. बंगाली व हिंदी या दोहोंशी अपरिचित असलेल्या बातमीदाराच्या कानाला दोन गाण्यांतील भेद कळला नसेल, तर त्यात नवल नाही. नवल हे की शंभराहून अधिक वर्षे आपल्यापैकी अनेकांनी परक्या पत्रांची बातमी खरी मानली आणि आपल्या पत्रांची उघडूनही पाहिली नाही. राष्ट्रसभेच्या अहवालातही देशभक्तिपर गीत आरंभी आणि बादशहाच्या स्वागताचे गीत ठरावानंतर, असाच क्रम आहे.

यानंतर महिन्याभरात काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. जानेवारी १९१२ मध्ये हे गीत ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारतभाग्यविधाता’ या नावाने प्रसिद्ध झाले. ही पत्रिका आदि ब्राह्मसमाजाची. तिचे संपादक त्या वेळी स्वतः रवींद्रनाथ होते, आणि गीताखाली ‘ब्रह्मसंगीत’ अशी नोंद होती. त्याच महिन्यात माघोत्सवात, म्हणजे ब्राह्मसमाजाच्या उपासनेच्या उत्सवात, ते गायिले गेले. एका पार्थिव राजाची स्तुती कवीने ईश्वराची स्तुती म्हणून आपल्याच उपासनामंदिरात गाववली असती, असे मानणे रवींद्रनाथांच्या कट्टर टीकाकारासही जड जाईल. त्याच सुमारास पूर्व बंगाल व आसाम सरकारचे एक परिपत्रक निघाले. शांतिनिकेतनची शाळा सरकारी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणास सर्वथा अयोग्य आहे, असा इशारा त्यात होता. ज्या कवीने बादशहाची स्तुती गायिली असे म्हणावयाचे, त्याच कवीच्या शाळेपासून बादशहाचे अधिकारी आपल्या नोकरांना दूर राहावयास सांगत होते.

गीताचा आशयही पाहावा. शाळेत आपण पाच कडव्यांपैकी पहिलेच म्हणतो, म्हणून पुढील चार सहसा कोणाच्या वाचनात येत नाहीत. तिसऱ्या कडव्यात युगानुयुगे चालत आलेल्या यात्रेचा चिरंतन सारथी आहे. चौथ्यात काळोख्या रात्री पीडित देशाला कुशीत घेणारी स्नेहमयी माता आहे. पंचम जॉर्ज हा सारथी एखाद्या भाटाने केलाही असता. परंतु त्याला माता कोणत्या भाटाने म्हटले असते? आक्षेपक ‘अधिनायक’ या शब्दाकडे व पाचव्या कडव्यातील ‘राजेश्वर’ या शब्दाकडे बोट दाखवितात. मराठी वाचकास या आक्षेपाचे उत्तर दूर शोधण्याचे कारण नाही. आमच्या वारकऱ्यांनी विठोबास ‘पंढरीचा राणा’ म्हटले, म्हणून ते कोण्या राण्याचे आश्रित ठरले नाहीत. देवास राजा म्हणणे हा भारतीय भक्तिकाव्याचा जुना संकेत आहे, आणि पार्थाचा सारथी कोण हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

स्वतः कवीने काय म्हटले? १९३७ च्या नोव्हेंबरात पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खुलासा केला. सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने बादशहासाठी स्तुतिगीत मागितले; ती मागणी ऐकून आपण थक्क झालो व मनात संताप उसळला; त्या क्षोभाची प्रतिक्रिया म्हणून भारताच्या खऱ्या भाग्यविधात्याचा जयजयकार आपण केला; तो विधाता कोणी जॉर्ज असणे शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. १९३९ सालच्या दुसऱ्या एका पत्रात, असल्या आरोपास उत्तर देणे हाच आपला अपमान होय, असे त्यांनी सुचविले.

न्यायबुद्धीने पाहता शंका घेणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. गीताचा दिवस आणि बादशहाच्या आगमनाचा दिवस यांत अंतर तीन दिवसांचेच आहे. स्नेह्याची मागणी आली होती, हे कवी स्वतःच मान्य करतो. इंग्रजी पत्रांनी चुकीची बातमी छापली तेव्हा तिचे जाहीर खंडन त्याने लगोलग केले नाही. सविस्तर खुलासा आला तो पंचवीस वर्षांनी. १९१५ साली त्याने ‘सर’ हा किताब स्वीकारला. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि विद्यार्थ्यांपासून त्या लपविण्याचे कारण नाही. त्याचबरोबर हेही खरे की जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, १९१९ च्या मे अखेरीस, त्याच कवीने तो किताब परत करीत असल्याचे पत्र व्हाइसरॉयला लिहिले. शंकेची कारणे मांडल्यावर पुराव्याचे पारडे कोणीकडे झुकते हे मुलांना आपोआप दिसते; कारणे दडपली तर त्यांना फक्त दडपणे दिसते.

आता वादाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे शासनाच्या संवेदनशीलतेकडे वळू. गाण्याची धास्ती घेणे ही सरकारची जुनी खोड आहे आणि आमच्या जुन्या मध्यप्रांताने ती पुरेपूर अनुभवली आहे. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीपासून दूर राहावे असा हुकूम झाला. त्या सुमारास नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासनिसांचे स्वागत वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’ने झाले. त्या प्रकरणात केशव बळीराम हेडगेवार या विद्यार्थ्यास शाळा सोडावी लागली. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या उस्मानिया विद्यापीठाने वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. मुंबई नभोवाणीवर मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ आरंभिले, तेव्हा त्यांचे गाणे मध्येच तोडण्यात आले आणि त्यांनी नभोवाणीवर गाणेच सोडले. परिणाम काय झाला? ज्या गाण्यावर बंदी आली तेच घरोघर पोहोचले. परक्या सरकारने गाणे बंद करून त्याची शक्ती वाढविली, हा धडा स्वकीय सरकारांनीही विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उभा राहिला तो बंदीचा नव्हता, निवडीचा होता; आणि येथे आमच्या प्रांताचा एक कमी परिचित असा संबंध येतो. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आमच्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. जवळ ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती वाद्यवृंदास दिली गेली व त्याने वाजविलेली धून सर्वांच्या पसंतीस उतरली. इकडे सेनादलांच्या वाद्यपथकांनाही जुन्या ‘गॉड सेव्ह द किंग’च्या जागी काहीतरी हवेच होते. पंतप्रधान नेहरूंनी सर्व प्रांतांच्या राज्यपालांना पत्रे लिहून, आपापल्या मुख्यमंत्र्यांचा विचार घेऊन मत कळवावे, असे सांगितले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत केलेल्या निवेदनात त्यांनी या पत्रव्यवहाराचा निकाल सांगितला. एक सोडून सर्व राज्यपालांनी ‘जनगणमन’ला संमती दिली होती, आणि तो एक म्हणजे मध्यप्रांताचा. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनीही मागाहून आपल्या सरकारची पसंती ‘वंदे मातरम्’ला असल्याचे कळविले, असे त्याच निवेदनात आहे.

मध्यप्रांत म्हणजे त्या वेळचे आमचे राज्य. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल, राज्यपाल मंगलदास पक्वासा, आणि पांढुर्णा-सौंसर त्याच प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात. तेव्हा साऱ्या देशात जो एक राज्यपाल या निवडीस अनुकूल नव्हता, तो आमचा होता. यात लाजण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही, आणि मिरविण्यासारखेही नाही. महत्त्वाचे आहे ते इतकेच की पंतप्रधानांनी विचारले, एका प्रांताने वेगळे मत दिले, आणि ते मत दडवून न ठेवता पंतप्रधानांनी घटना समितीपुढे सांगितले. त्या राज्यपालाची देशनिष्ठा संशयास्पद ठरली नाही. राष्ट्रगीताविषयी वेगळे मत असणे म्हणजे राष्ट्राचा अनादर नव्हे, हे स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षी सरकारी निवेदनात नोंदले गेले आहे.

दुसरी बाजूही स्वस्थ बसली नव्हती. ‘वंदे मातरम्’ हेच राष्ट्रगीत व्हावे म्हणून मास्तर कृष्णरावांनी मोठी खटपट केली. हे गीत वाद्यपथकास वाजविता येणार नाही, हा मुख्य आक्षेप होता. तेव्हा मास्तरांनी झिंझोटी रागावर आधारलेली सोपी चाल बांधली, तिचे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन करविले आणि दिल्लीस जाऊन नेत्यांपुढे तिची प्रात्यक्षिके केली. एका मराठी गवयाने आपला मुद्दा गाऊन व वाजवून मांडला. हा वादाचा किती निर्मळ प्रकार! निकाल त्यांच्या मनासारखा लागला नाही, तरी ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला, त्यात अशा खटपटींचा वाटा आहे.

तो निकाल २४ जानेवारी १९५० रोजी लागला. त्या दिवशी घटना समितीच्या सभासदांनी राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या केल्या आणि अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी एक छोटेसे निवेदन केले. ‘जनगणमन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात ऐतिहासिक कार्य केलेल्या ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान राहील. ठराव मांडला गेला नाही, चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही. त्या वेळी ते शहाणपणाचे होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि गाण्यावरून सभागृह दुभंगावे असे कोणासच वाटत नव्हते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की निवडीची कारणे सभागृहाच्या कामकाजात साकल्याने नोंदली गेली नाहीत, आणि जेथे नोंद नसते तेथे अफवेस जागा होते. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे. प्रसंगपरत्वे सरकार अधिकृत करील असे फेरफार शब्दांत होऊ शकतील, अशी मोकळीक घटनाकारांनी ठेवली होती. त्यांची वृत्ती ताठर नव्हती.

नंतरची वाटचाल आपल्यासमोर आहे. १९७१ साली राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा झाला. राष्ट्रगीताच्या बाबतीत तो दोनच गोष्टींस शिक्षा सांगतो. ते गाण्यास बुद्ध्या प्रतिबंध करणे आणि ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे. त्याच्या इतिहासाची चौकशी करणे हा त्या कायद्याने गुन्हा नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्रगीताचा आदर हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. केरळातील एका शाळेने आदराने उभी राहणारी, परंतु धर्मश्रद्धेमुळे न गाणारी तीन मुले काढून टाकली, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निर्णय दिला. आमच्या मध्यप्रदेशाच्या उच्च न्यायालयात भोपाळच्या एका गृहस्थाच्या अर्जावरून २००३ साली एका हिंदी चित्रपटातील राष्ट्रगीताचे दृश्य वगळेपर्यंत तो दाखविण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो आदेश बाजूस सारला. त्याच गृहस्थाच्या दुसऱ्या अर्जावर ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत सक्तीचे केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती काढून घेतली. ‘सिंध’ आता भारतात नाही, म्हणून तो शब्द बदलावा, असा अर्ज २००५ साली त्याच न्यायालयाने फेटाळला. २०१५ साली राजस्थानच्या राज्यपालांनी ‘अधिनायक’ऐवजी ‘मंगल’ म्हणावे, असे सुचविले. २०२५ च्या नोव्हेंबरात, ‘वंदे मातरम्’च्या दीडशेव्या वर्षानिमित्त बोलताना, एका लोकसभासदस्याने इंग्रजांच्या स्वागताची जुनी कथा पुन्हा सांगितली. मोठ्या पदांवरील माणसे हा विषय मोकळेपणाने बोलू शकतात. भीती राहते ती शाळेतल्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला.

याचा एक अनुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात नववीतील एका मुलीने ‘राष्ट्रगीत कोणासाठी लिहिले?’ या मथळ्याचा लेख लिहिला. लेख समतोल होता. दोन्ही बाजू देऊन तिने शेवटी कवीच्या पत्रावर विश्वास ठेवला होता. शाळा पाहावयास आलेल्या एका अधिकाऱ्यांची दृष्टी त्या मथळ्यावर गेली. लेख त्यांनी वाचला, आवडल्याचेही सांगितले, आणि तरीही तो काढून टाकावा असे सुचविले. उद्या कोणी तक्रार केली तर उत्तर कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्याही वर कोणीतरी होते. दारात ती मुलगी उभी होती आणि आमच्या उत्तराकडे तिचे कान होते. उत्तर आम्ही देऊ, असे आम्ही सांगितले. लेख राहिला. त्या मुलीस आम्ही एवढेच सुचविले की मथळ्याखाली डिसेंबर १९११ पासून जानेवारी १९५० पर्यंतच्या तारखांचे एक कोष्टक जोडावे. तिने ते सुवाच्य अक्षरात जोडले. तक्रार कोणाचीच आली नाही. आले ते दोन-तीन पालक, कोष्टक उतरवून घेण्यासाठी.

अधिकाऱ्यांच्या भीतीत एक गृहीत दडलेले असते. उगमाविषयी प्रश्न विचारला की गीताचे पावित्र्य उणावते, असे ते गृहीत आहे. जगाचा अनुभव निराळा आहे. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली रूझे द लील या लष्करी अभियंत्याने स्ट्रासबुर्ग येथे ऱ्हाइन सेनेसाठी लिहिले. ते क्रांतीचे गीत झाले, आणि त्याचा कर्ता मात्र राजनिष्ठ म्हणून त्याच क्रांतीच्या तुरुंगात जाऊन आला. फ्रान्समधील मुले ही गोष्ट शिकतात व गीत गातात. इंग्रजांचे राष्ट्रगीत १७४५ पासून जाहीरपणे गायिले जात आहे. त्याचा कर्ता कोण याविषयी त्यांच्या विद्वानांत अद्याप एकमत नाही. म्हणून त्यांच्या सैनिकांचे पाय डगमगले नाहीत.

शिवाय, गीताचा जन्म एका दिवशी होतो. त्याचे राष्ट्रगीत होणे अनेक वर्षे चालते. २८ फेब्रुवारी १९१९ रोजी मदनपल्लीच्या महाविद्यालयात रवींद्रनाथांनी ते स्वतः गायिले आणि मार्गारेट कझिन्स यांनी त्याची स्वरलिपी बांधली. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हांबुर्ग येथे, नेताजी सुभाषचंद्रांच्या उपस्थितीत, ते वाद्यवृंदाने वाजविले. आझाद हिंद सरकारने त्याच धुनेवर हिंदी शब्द घेतले. ज्या गीताने इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेतलेल्यांना साथ दिली, ते इंग्रज राजाचे स्तोत्र म्हणून कोणी दाखवू लागले, तर त्याला या साऱ्या तारखांचे उत्तर द्यावे लागेल.

तात्पर्य, आमच्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. राष्ट्रगीत चालू असताना उभे राहणे हा आदर होय, आणि तो शिस्तीने शिकविता येतो. राष्ट्रगीत संपल्यावर त्याच्याविषयी प्रश्न विचारणे ही जिज्ञासा होय, आणि तिचे समाधान पुराव्यानेच करावे लागते. परिपत्रकाने मुले उभी राहतील. परिपत्रकाने शंका मिटत नाही. उत्तर न मिळालेला विद्यार्थी प्रार्थनेत ओठ हलवील, आणि घरी गेल्यावर भ्रमणध्वनीवरील संदेशावर विश्वास ठेवील. सत्य आपल्या बाजूस असताना असे घडू देणे ही आम्हां शिक्षकांची हार आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती अमलात आणण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नसावी. २४ जानेवारीचा दिवस शाळांतून इतर दिवसांसारखाच निघून जातो. त्या दिवशी वरच्या वर्गांत एक तास काढून डॉ. राजेंद्रप्रसादांचे ते छोटे निवेदन मराठीत वाचून दाखवावे, १९४८ च्या निवेदनातील मध्यप्रांताचा उल्लेख सांगावा, २७ डिसेंबर १९११ च्या दोन गाण्यांची हकीकत सांगावी, आणि मग मुलांना हवे ते प्रश्न विचारू द्यावेत. पांढुर्णा आणि सौंसर येथील मराठी शाळांनी ही प्रथा पाडली, तर दोन दिवसांनी येणाऱ्या प्रजासत्ताक दिनी ध्वजाखाली उभी राहणारी मुले आपण काय गात आहोत हे जाणून गातील.